वाऱ्याचा जमाखर्च: थिबा राजवाड्यापासून ‘सीएफडी’पर्यंत

#थ्रेड #इतिहास #रत्नागिरी

१/
१८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. राजाच्या हिंडण्याफिरण्यावर पहारा होता; वाऱ्यासाठी मात्र वास्तूत जागोजागी खिडक्या ठेवल्या होत्या. हा वारा घरात नेमका कसा फिरतो, याचे गणित व्यवहारात मांडता येण्यास पुढे सहा दशके लागली. त्या गणितात एका पुणेकराचा मोठा वाटा आहे.

२/
रत्नागिरीत उन्हापेक्षा दमटपणा अधिक छळतो. हवेत बाष्प भरलेले असल्याने घाम लवकर वाळत नाही. अशा ठिकाणी अंगावरून हवा वाहती राहणे हाच गारव्याचा मुख्य उपाय असतो. निसर्गाने त्याची सोयही केली आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे.

३/
कोकणातील जुने घर याच वाऱ्याशी जुळवून घेत घडले. जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर आणि पुढील दारासमोर मागील दार. कौलांच्या फटींतून वरची तापलेली हवा बाहेर पडते. थिबा राजवाडा सरकारी बांधणीचा आणि कितीतरी मोठा. तरी जांभा दगड, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि पुढचा सज्जा ही त्याची अंगे याच हवामानाला साजेशी आहेत.

४/
समोरासमोर दारे कशासाठी? वारा ज्या भिंतीवर आदळतो तिथे हवेचा दाब वाढतो. मागच्या बाजूला तो घटतो. दोन्हीकडे वाट असेल तर हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे घरातून आरपार जाते. एकच खिडकी कितीही मोठी केली, तरी बाहेर पडायला वाट नसलेला वारा आत फारसा शिरत नाही.

५/
हे शब्दांत सांगणे सोपे, आकड्यांत मांडणे महाकठीण. ऑयलरने १७५७ मध्ये वाहत्या द्रवाची समीकरणे मांडली. नाविए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्यांत चिकटपणाचा विचार आणला. म्हणजे थिबाचा राजवाडा उभा राहत होता तेव्हा समीकरणे ग्रंथांत होती. पण एखाद्या खऱ्या दालनासाठी ती हाताने सोडवणे अशक्यप्राय होते.

६/
मार्ग सुचला तो हवामानाच्या अभ्यासातून. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ च्या ग्रंथात वातावरणाचे चौकटींत तुकडे पाडून प्रत्येक चौकटीचे गणित करण्याची पद्धत मांडली. त्यासाठी ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसून आकडेमोड करीत आहेत, असे चित्र त्यांनी कल्पिले. पुढे ही जागा संगणकाने घेतली.

७/
तरीही एक गाठ सुटत नव्हती. वेग काढायचा तर दाब ठाऊक हवा, आणि दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. हाती एवढीच अट की चौकटीत जितकी हवा आली तितकीच बाहेर गेली पाहिजे.

८/
ही गाठ सोडवण्याची एक अत्यंत प्रभावी रीत १९७२ मध्ये सुहास पाटणकर आणि त्यांचे मार्गदर्शक ब्रायन स्पाल्डिंग यांनी प्रसिद्ध केली. पाटणकर पुण्याचे, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मुंबईची आयआयटी करून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले होते. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘सिंपल’. आधी दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचा, मग प्रत्येक चौकटीचा जमाखर्च तपासायचा. हवा तुंबत असेल तिथे दाब वाढवायचा, तूट असेल तिथे कमी करायचा. वही जुळेपर्यंत हीच फेरी पुन्हा पुन्हा. १९८० मधील पाटणकरांच्या पुस्तकावर जगभरचे विद्यार्थी ही विद्या शिकले.

९/
तिचे नाव संगणकीय द्रायुगतिकी, म्हणजेच ‘सीएफडी’. १९७४ मध्ये डेन्मार्कच्या पीटर नीलसन यांनी आपल्या प्रबंधात तिच्या आधारे खोलीतील हवेचा प्रवाह अभ्यासला. आज रुग्णालये, रेल्वेस्थानके, उंच इमारती यांचे आराखडे बांधकामाआधीच या कसोटीवर पाहता येतात.

१०/
मग कोकणातल्या गवंड्याला हे गणित न येताही घर कसे साधले? पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधून, राहून, चुका सुधारून. मात्र अशा अनुभवाला मर्यादा आहे: जे पूर्वी बांधले गेले त्याच्याविषयीच तो बोलू शकतो. रत्नागिरीत आज उभ्या राहणाऱ्या बहुमजली इमारतींना पूर्वज नाहीत. एका इमारतीमागे दुसरी आली की मागचीला वारा कमी पडतो. एकाच बाजूला खिडकी असलेली खोली कोंदट होते. दोष बांधून झाल्यावर कळला, तर हाती उरतो तो एसी आणि त्याचे वीजबिल.

११/
सीएफडी म्हणजे देववाणी नव्हे. हवेतील भोवऱ्यांचे गणित अंदाजानेच करावे लागते, म्हणून प्रत्यक्ष मोजमापाशी ताळा घ्यावाच लागतो. शिवाय हे गणित खरे उपयोगी पडते ते नकाशा कागदावर असेपर्यंत. खिडकीची जागा तोवरच फुकटात बदलता येते.

१२/
थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याच्या राजवाड्यात आज संग्रहालय आहे. तिथे जाल तेव्हा वस्तूंबरोबर खिडक्याही पाहा: वारा कुठून येतो आणि त्याला बाहेर पडायला वाट कुठे ठेवली आहे. मग घरी येऊन हाच प्रश्न आपल्या खोलीला विचारा.

(समाप्त)