उपयोगाचा प्रश्न आणि पुंजयामिकीचें शतक

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजासारख्या गांवीं हायस्कुलाची परीक्षा उतरलेल्या मुलाविषयीं घरोघर जीं खलबतें चालतात, त्यांत एक प्रश्न हटकून निघतो. मुलानें भौतिकशास्त्र घेण्याची इच्छा दाखविली कीं वडील माणसें विचारतात, “त्याचा उपयोग काय?” हा प्रश्न गैर नाहीं. ज्या घरचा संसार शेताच्या उत्पन्नावर किंवा मासिक पगारावर चालतो, तेथें शिक्षणाचा खर्चही हिशेबानेंच व्हावयाचा. परंतु हा प्रश्न कोणत्या वेळीं विचारावा, आणि त्याच्या उत्तराची किती काळ वाट पाहावी, याविषयीं इतिहासाची साक्ष काढून पाहणें अगत्याचें आहे. त्या कामीं पुंजयामिकीच्या, म्हणजे लोक ज्यास क्वांटम शास्त्र म्हणतात त्याच्या, इतिहासाइतका बोलका दाखला दुसरा क्वचितच सांपडेल.

या शास्त्राचा आरंभ १४ डिसेंबर १९०० रोजीं बर्लिन येथें झाला असें मानतात. तापलेल्या पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचीं सूक्ष्म मापें तेथील सरकारी प्रयोगशाळेंत घेतलीं गेलीं होतीं, आणि त्या मापांचा दिव्यांच्या धंद्याशीं कांहीं संबंधही होता. पण मापें व प्रचलित सिद्धांत यांचा मेळ बसेना. तो बसविण्यासाठीं मॅक्स प्लांक यांनीं असें गृहीत धरलें कीं, ऊर्जा ही तेलाच्या धारेप्रमाणें अखंड न वाहतां नाण्यांप्रमाणें मोजक्या पुंजांनींच दिली-घेतली जाते. दिव्याच्या कारखानदारानें कांहीं असें उत्तर मागितलें नव्हतें, आणि मिळालेल्या उत्तराचें काय करावें हें त्यास कळलेंही नसतें. खुद्द प्लांक यांसही आपल्या कल्पनेचा पुरता भरंवसा वाटण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

पुढील पंचवीस वर्षें या कल्पनेनें शास्त्रज्ञांची झोंप उडविली. आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं प्रकाशही पुंजरूप मानावा असें सुचविलें. नील्स बोर यांनीं १९१३ सालीं तीच कल्पना अणूच्या अंतर्भागास लावली. अखेर १९२५ सालीं तेवीस वर्षांच्या हायझेनबर्ग यांनीं, व पुढल्याच वर्षीं श्रोडिंजर यांनीं, निरनिराळ्या वाटांनीं नवी यामिकी उभी केली. या मंथनांत हिंदुस्थान केवळ प्रेक्षक नव्हता. ढाका विश्वविद्यालयांतील सत्येंद्रनाथ बोस यांनीं १९२४ सालीं आपला निबंध आइन्स्टाइन यांजकडे धाडला. आइन्स्टाइन यांनीं स्वतः त्याचें जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. चार वर्षांनीं कलकत्त्यास रामन यांनीं प्रकाशाचा जो परिणाम दाखविला, त्यांत प्रकाशाचा पुंज रेणूशीं ऊर्जेची देवघेव करतो हें प्रत्यक्षच दिसून आलें, व त्याबद्दल १९३० सालचें नोबेल पारितोषिक या देशास मिळालें.

यांपैकीं कोणासही त्या वेळीं “उपयोग काय?” असें विचारलें असतें, तर सरळ उत्तर देतां आलें नसतें. पण उत्तर येतच होतें. स्फटिकांत इलेक्ट्रॉन कसे वावरतात हें फेलिक्स ब्लॉख यांनीं १९२८ सालीं नव्या यामिकीनें दाखविलें. १९३१ सालीं ॲलन विल्सन यांनीं अर्धसंवाहक पदार्थांचें मर्म उलगडलें. त्याच ज्ञानावर १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेमध्यें ट्रान्झिस्टर जन्मास आला. पुढें १९६० सालीं लेसर आला. आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवरून होऊं लागली. आज उंब्रजच्या बाजारांत भाजीवालीही मोबाइलवर पैसे घेते. महामार्गावरील ट्रकवाला उपग्रहांच्या घड्याळांवरून आपला ठिकाणा काढतो. देवळांत एलईडीचे दिवे लागतात. कऱ्हाडच्या इस्पितळांत रुग्णाच्या मेंदूचें चित्र चुंबकीय यंत्रानें घेतां येतें. या सर्वांच्या मुळाशीं तीच शंभर वर्षांपूर्वींची ‘निरुपयोगी’ यामिकी आहे. ज्यानें पेरलें त्यास पीक दिसलें नाहीं, आणि जो पीक खातो त्यास पेरणाराचें नांवही ठाऊक नाहीं, असा हा व्यवहार आहे.

उपयोगाचा हा प्रश्न आमच्या महाराष्ट्रांतही एका घरीं निघाला होता, व त्याचा निकाल सर्वांच्या हिताचा लागला. मुंबईस १९०९ सालीं जन्मलेले होमी भाभा १९२७ सालीं केंब्रिजला गेले, ते यंत्रशास्त्र शिकण्यासाठीं. पदवी घेऊन मुलानें जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत मोठ्या जागेवर लागावें, असा वडिलांचा मनोदय होता. मुलाचें मन मात्र नव्या भौतिकशास्त्राकडे ओढलें होतें. वडिलांनीं सौदा केला: आधीं यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत उतर, मग मनाजोगतें शीक. १९३० सालीं ती अट पुरी झाली. पांच-सहा वर्षांतच इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले असतां काय होतें, याचें गणित भाभांनीं पुंजयामिकीच्या आधारें मांडलें. तें ‘भाभा-प्रकीर्णन’ पुढें त्या कणांच्या महायंत्रांमध्यें टकरींचें प्रमाण मोजण्याचें मापच होऊन बसलें. वडील हट्टास पेटते, तर कारखान्यास एक चांगला एंजिनियर मिळाला असता. देशास भाभा मिळाले नसते.

महायुद्धामुळें भाभा येथेंच अडकले व बंगळुरास काम करूं लागले. तेथून १२ मार्च १९४४ रोजीं त्यांनीं सर दोराबजी टाटा ट्रस्टला मूलभूत संशोधनाच्या संस्थेविषयीं पत्र लिहिलें. त्या पत्रांतला विचार ध्यानांत घेण्याजोगा आहे. दोन दशकांनीं अणुशक्तीपासून वीज काढण्याची वेळ येईल, तेव्हां तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे पाहावें लागूं नये, म्हणून शुद्ध शास्त्राची शाळा आजच काढिली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे उपयोगाचा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. त्याची मुदत तेवढी वाढवून घेतली. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली व वर्षअखेर मुंबईस आली. अणुवीज पुढें १९६९ सालीं तारापुरास निघूं लागली. याच संस्थेच्या खोडद येथील रेडिओ-दुर्बिणीच्या तीस महाकाय थाळ्या जुन्नरच्या मुलखांत आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. हायड्रोजनच्या अणूंत इलेक्ट्रॉनाची फिरकी उलटली असतां एकवीस सेंटिमीटरची जी लहर सुटते, ती दूरच्या आकाशगंगांतून ऐकण्याचें त्यांचें काम. तिचा उपयोग काय, हें अजून कोणीच सांगूं शकत नाहीं. आणि आमच्या मतें तेंच तिच्या बाजूनें सर्वांत मोठें प्रमाण आहे.

यावर दोन आक्षेप निघतील. याच ज्ञानाच्या पोटीं १९४५ सालचा संहारही जन्मला, हा पहिला. तो खरा आहे, आणि म्हणूनच हें ज्ञान मूठभरांच्या हातीं न राहतां समाजाच्या समजुतींत उतरलें पाहिजे. दुसरा आक्षेप असा कीं, समाजास यांतलें कळणार काय? आज ‘क्वांटम’ हा शब्द चिकटवून औषधें व गंडेदोरे विकणारे भोंदू भेटतात, ते याच अज्ञानावर जगतात. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेचा अर्थ ‘कांहींही संभवतें’ असा नव्हे. काय संभवतें आणि किती प्रमाणांत, याचा चोख हिशेब म्हणजे पुंजयामिकी. हें मराठींतून समजावण्याची खटपट ‘सृष्टिज्ञान’ मासिकानें १९२८ पासून, व मराठी विज्ञान परिषदेनें १९६६ पासून चालविली आहे. परिषदेची धुरा वाहणारे भालचंद्र उदगांवकर हे स्वतः टाटा संस्थेंतले कणभौतिकीचे पंडित होते. सूक्ष्म कणांचें गणित करणाऱ्या माणसास शाळेंतल्या मुलाची काळजी वाटावी, हें आमच्या मतें त्या शास्त्राचें लहान फळ नव्हे.

भारत सरकारनें एप्रिल १९२३ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, एप्रिल २०२३ मध्यें, राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठीं ६,००३ कोटींवर रक्कम मंजूर केली, आणि तिच्या चार केंद्रांपैकीं एक मुंबईच्या आयआयटीकडे आलें आहे. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु ही रक्कम नव्या यंत्रांसाठीं, म्हणजे फळ दृष्टिपथांत आल्यावर मिळाली आहे. ज्या बियांचें फळ अजून दिसत नाहीं, त्यांस पाणी घालणारा कोणी हवा. आणि त्याची सुरुवात सरकारांतून नव्हे, घरांतून होते. उंब्रजच्या एखाद्या घरीं मुलगी म्हणेल, मला भौतिकशास्त्र शिकावयाचें आहे. तेव्हां वडिलांनीं उपयोगाचा प्रश्न जरूर विचारावा. पण भाभांच्या वडिलांप्रमाणें तिला थोडी मुदतही द्यावी.