आजीचं पानी, नातीचं पाणी

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. भाची साडेचार वर्षांची, पुण्यात ज्युनिअर केजीला आहे. अंगणात पळून पळून ती लाल झाली तशी आई म्हणाली, "पानी पी गं बाय, लई पळलीस." भाची थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, पानी नाही, पाणी. आणि लई नाही, खूप."

आम्ही सगळे हसलो. आईही हसली. ताईच्या चेहऱ्यावर तर सरळ कौतुक होतं. रात्री भाची गोष्ट सांग म्हणून आजीच्या मागे लागली, तेव्हा आई म्हणाली, "तुझी मम्मी सांगंल चांगली. मला कुटं येतंय नीट बोलाया." आमच्या घरात गोष्ट म्हणजे आई. कोल्ह्याची, सुसरीची, खंडोबाची, आणि मध्ये मध्ये आमच्या भावकीतल्या भांडणांचीही. त्या रात्री ती लवकर झोपली.

हे मी विसरलोही असतो. पण मला माझी तिसरी आठवली. आमच्या वर्गात एका बाईंनी मला फळ्याजवळ उभं करून दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावलं होतं. सातव्यांदा पुन्हा 'पानी' निघालं आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर साधारण वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, पण उत्तरात 'ण' आहे का ते आधी मनात तपासायचो, आणि तोवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं. बाई वाईट नव्हत्या. त्यांना वाटत होतं, पोराचं भलं होतंय.

मूल कसं वाढतं यावर हल्ली फोनवर ढीगभर रील्स येतात. रडू द्या, मिठी मारा, 'नाही' म्हणू नका. त्यात घरातल्या बोलीबद्दल कुणी बोलत नाही. खरं तर मुलाचं पहिलं घर म्हणजे आईच्या तोंडची बोली. राग, लाड, भीती, भूक हे सगळं त्याला आधी त्याच बोलीत भेटतं. 'तुझी बोली अशुद्ध आहे' हे वाक्य त्याला 'तुझी आई अशुद्ध आहे' असंच ऐकू येतं. आणि 'शुद्ध-अशुद्ध' हे शब्द आपल्याकडे व्याकरणातून आलेले नाहीत. ते सोवळ्याओवळ्यातून आलेत, हे पाचवी-सहावीच्या पोरालाही आतून कळत असतं.

गंमत अशी, की या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास (बघा, इथेही 'शुद्ध' आलाच) आमच्याच गावात झालाय, आणि तो केला एका अमेरिकन बाईने. मॅक्सीन बर्नसन पहिल्यांदा भारतात आल्या १९६१ मध्ये, हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला. तिथे मराठी माणसांत राहून मराठीची गोडी लागली. पुढे पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या पीएचडीसाठी त्यांनी फलटण निवडलं. १९७३ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच 'फलटणची बोली' असा आहे. एकाच गावात, एकाच बाजारात हिंडणारी माणसं वेगवेगळं मराठी का बोलतात, जात आणि शिक्षण जिभेवर कसं उतरतं, हा त्यांचा शोध. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, भाषाशास्त्रातलं मला फार कळत नाही. पण आपण ज्याला 'गावंढळ' म्हणून लपवतो त्याचा कुणीतरी डेटा म्हणून आदराने विचार केला, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला विचित्र आनंद झाला होता.

त्याच काळात तिकडे अमेरिकेत एक मोठा वाद चालू होता. गरीब घरांतल्या काळ्या मुलांकडे भाषाच नाही, आया त्यांच्याशी पुरेसं बोलत नाहीत, म्हणून ती शाळेत मागे पडतात, असं बरेच तज्ज्ञ म्हणत होते. म्हणजे दोष घराचा, संगोपनाचा. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ च्या एका निबंधात हे मत उलटं करून दाखवलं. त्यात हार्लेममधला आठ वर्षांचा लिऑन नावाचा मुलगा आहे. मुलाखत घेणारा माणूस स्वतः काळा, हार्लेममध्येच वाढलेला, तरी लिऑन एकेका शब्दात उत्तरं देतो. नाही. माहीत नाही. कुठल्याही चाचणीत हा मुलगा 'मंद' ठरला असता. पुढच्या वेळी तोच माणूस बटाट्याचे वेफर्स घेऊन येतो, लिऑनच्या जिवलग मित्राला सोबत बसवतो, स्वतः खाली जमिनीवर बसतो आणि एरवी मोठ्यांसमोर न उच्चारायचे शब्द स्वतःच उच्चारतो. आणि लिऑन बोलायला लागतो. दोघं मित्र एकमेकांचं बोलणं तोडून, भांडत, हसत बोलतात. मुलगा तोच, भाषाही तीच. समोरचा माणूस खुर्चीवरून खाली उतरला, एवढाच फरक. तिसरीतला मी लिऑनच होतो, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

मॅक्सीनबाईंचा प्रबंध पूर्ण झाला, पण त्या परत गेल्या नाहीत. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी फलटणमधल्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी वाचन-लेखनाचे वर्ग सुरू केले. ही मुलं शाळेत जात होती, तरी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यातून पुढे प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. ज्यांचं नाव शाळेला आहे त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून इकडे आल्या, आणि १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात त्यांनी देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय सुरू केलं. दोन परक्या बायकांनी येऊन आमच्या बोलीची आणि आमच्या पोरांची किंमत आम्हाला सांगावी, यात थोडं लाजण्यासारखं आहे खरं. पण ते राहू दे.

संस्थेची वाचन शिकवायची पद्धत साधी आहे. सगळी बाराखडी एकदम डोक्यावर न ओतता थोडी अक्षरं, थोडे काना-मात्रे शिकवायचे आणि लगेच त्यांतून तयार होणारे शब्द, वाक्यं वाचायला द्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पोराला 'मला वाचता येतं' असं वाटलं पाहिजे. मला यातलं 'वाटलं पाहिजे' महत्त्वाचं वाटतं. वर्गातली भीती काढल्याशिवाय अक्षर आत जात नाही, हे गिजुभाई बधेकांनी भावनगरला आणि ताराबाई मोडकांनी आपल्याकडे आधीच सांगून ठेवलं होतं. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या वारली पाड्यांवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा मुलांच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांमागे कुरणातसुद्धा गेली. आज गावोगाव दिसणारा 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच. आई-बापांना दोष देऊन मोकळं होण्यापेक्षा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हा तो विचार होता.

आणि आमच्या गावाचा धागा आणखी जुना आहे. महानुभाव पंथ ज्यांना पंचकृष्णांपैकी एक मानतो ते चक्रपाणी फलटणचे. याच पंथातली तेराव्या शतकातली एक हकीकत 'स्मृतिस्थळा'त आहे. केशोबास हे मोठे संस्कृत पंडित. त्यांना नागदेवाचार्य बजावतात, की संस्कृतात लिहू नका, त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. म्हणजे ज्या बायकांना ते समजणार नाही, त्यांचं हक्काचं लुबाडलं जाईल. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने आधी म्हाताऱ्यांचा विचार केला होता. आमच्या घरात एका संध्याकाळी एक म्हातारी नागवली गेली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

ताईची बाजूही खरी आहे, हे इथं सांगायला हवं. तिला पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी 'व्हतं' म्हटलं म्हणून ऐकावं लागलंय. मुलीला ते ऐकावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं. प्रमाण मराठी यायलाच हवी, कागद त्याच भाषेत निघतात. मॅक्सीनबाईंच्या मुलांनाही शेवटी तीच पुस्तकं वाचायची होती. प्रश्न एवढाच, की दुसरी भाषा पहिलीच्या शेजारी येऊन बसते, की पहिलीला उठवून तिच्या जागी बसते. आणि हे शाळेच्या आधी घरात ठरतं, मूल कुणाला हसतं आणि त्यावर आपण हसतो का, यावर.

भाऊबीजेला मी हे सगळं ताईला सांगितलं. लिऑनसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू ऑफिसात कसा बोलतोस रे? घरून फोन आला की गॅलरीत का जातोस?"

जातो खरा. आईचा फोन आला की दोन वाक्यांत माझं 'न्हाई' आणि 'आलतो' परत येतं, आणि ते टीममधल्या कुणी ऐकू नये म्हणून मी काचेचं दार ओढून घेतो. परवाही घेतलं. आई विचारत होती, "तिकडं पानी हाय का नीट?" मी दाराकडे पाठ करून म्हणालो, "हाय."