कुरणशाळेपासून भोंग्यापर्यंत

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे, लिहायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला दुसरा भोंगा होतो, मग ज्याला जे लावायचे ते त्याने लावावे. ही बातमी देशभर गेली, परदेशातही गेली. बातम्यांचा सगळा भर भोंग्यावर होता, आणि ते साहजिकही होते, कारण आवाज त्याचाच होतो.

पण भोंगा विकत घेऊन कोणत्याही देवळावर बसवता येतो. वडगावात तो ऐकला का गेला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मला पाऊणशे वर्षे मागे आणि सांगलीपासून दूर, जुन्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी जावे लागले. मुलांच्या भल्याचा विचार करताना एकट्या मुलाकडे न पाहता त्याच्या भोवतीची सगळी व्यवस्था पाहायची, याला हल्ली इंग्रजीतून आलेले ‘सिस्टिम्स थिंकिंग’ हे नाव आहे. आपण त्याला व्यवस्था-विचार म्हणू. हा शब्द आपल्याकडे येण्याआधी ते काम आपल्याकडे झालेले आहे.

बोर्डीचे अंगण

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातले प्राचार्यपद सोडले आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. इथवरचे काम शहरी, मध्यमवर्गीय मुलांचे होते. त्याची साधने माँटेसोरी पद्धतीची होती, आणि ती महाग होती.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर होते. तिथे पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ यांची ताराबाईंशी गाठ पडली. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. बालपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, त्यानंतर शिक्षण आणि नोकरी असा त्यांचा मार्ग झाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच १९४५ साली शेजारच्या तलासरीकडे, झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली जमले होते आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला होता. ज्या भागात आईबापांचा दिवसच त्यांच्या मालकीचा नव्हता, तिथे मुलांची शाळा काढायची होती.

बोर्डीत बालवाडी निघाली आणि गरीब वस्तीतली मुले तिच्यात येईनात. अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ हे उत्तर तयार असते. ताराबाई आणि अनुताई त्या उत्तरावर थांबल्या नाहीत. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या वस्तीत नेऊ, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळी घालायच्या, गाणी-गोष्टी करायच्या. साधने म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने. या प्रकाराला नाव पडले अंगणवाडी.

या नावात एक बारीक गोष्ट आहे. अंगणात काम चालले की आई, आजी, शेजारीण ते बघत असतात. मुलाला न्हाऊमाखू घातलेले त्या पाहतात, मध्येच काही विचारतात, दुसऱ्या दिवशी स्वतः करतात. शाळेच्या चार भिंतींत हे घडत नाही. मुलाबरोबर त्याच्या भोवतीची मोठी माणसेही कामात ओढली गेली.

गुरांमागे गेलेली शाळा

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. इथली मुले प्रामुख्याने वारली होती. शाळा होती, शिक्षक होते, तरी पटावरची मुले वर्गात दिसत नसत. कारणे शोधू गेल्यावर एकामागून एक दुवे सापडत गेले. आई मजुरीला जाते, म्हणून तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर. बहिणीच्या कडेवर मूल, म्हणून ती शाळेत नाही. भाऊ गुरांमागे रानात, म्हणून तोही नाही. बहिणीला कितीही समजावले तरी ती येऊ शकत नव्हती. अडचण तिच्या मनात नव्हतीच, तिच्या कडेवर होती.

यावर कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. बहिणीने येताना धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. या जोडणीला त्यांनी विकासवाडी म्हटले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत आणि मुले शिकत आहेत. गुरे सोडून या, असे त्या मुलांना कुणी सांगितले नाही.

पुढे १९७९ मध्ये युरी ब्रॉनफेनब्रेनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मानवी विकासाच्या परिसराविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांप्रमाणे मुलाभोवती घर, शाळा, शेजार, आईबापांची नोकरी, सरकारी धोरण अशी कडी असतात आणि मुलाची वाढ या सगळ्यांतून होते, अशी त्याची मांडणी. आईच्या कामाच्या जागी मूल कधी जात नाही, पण तिथल्या वेळापत्रकाचा परिणाम मुलावर होतो, हे त्याने शास्त्राच्या भाषेत सांगितले. डोनेला मेडोज या विदुषीने व्यवस्था-विचार सांगताना ‘तरफेच्या जागा’ ही कल्पना मांडली. गुंतलेल्या व्यवस्थेत काही जागा अशा असतात की तिथे थोडे ढकलले तरी पुष्कळ हलते. कोसबाडला ती जागा शाळेचा वर्ग नव्हती, पाळणा होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण आणि आईला माहिती, हे सारे एका जागी. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला. ताराबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. अनुताईंनी तो विस्तार १९९२ पर्यंत पाहिला.

मोबाईल हातात कसा आला

आता आजच्या मुलाकडे येऊ. त्याच्या हातात मोबाईल दिसतो आणि ‘हल्लीची पोरे बिघडली’ हे तयार उत्तर समोर येते. पण हा मोबाईल हातात आला कसा, याचाही इतिहास आहे, आणि तो अगदी अलीकडचा आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर एकदम कोसळला. त्यानंतर मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम चालली, आणि ज्या शाळेने काल मोबाईलवर बंदी घातली होती तिनेच आज मोबाईलवर गृहपाठ पाठवला. अनेक घरांत मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून पोटाला चिमटा घेऊन फोन घेतला गेला. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग भरू लागले. दीड वर्षात लागलेली सवय मात्र शाळा उघडल्याने मोडली नाही, आणि गृहपाठाचे व्हॉट्सअॅप गटही बंद झाले नाहीत. मोबाईल मुलाने हिसकावून घेतलेला नाही. तो आपण सगळ्यांनी मिळून, चांगल्या हेतूने त्याच्या हातात दिला.

या साखळीत अंगणवाडी सेविकाही आहे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अॅप आले. बालकांची, गरोदर मातांची माहिती त्यात रोज भरायची. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने, कमी क्षमतेचे, सतत बंद पडणारे, अॅप इंग्रजीत. अंगणात बसून मुलांशी बोलायचे तो वेळ पडद्यावर आकडे भरण्यात जातो, ही त्यांची तक्रार आपण मुलांविषयी करतो त्या तक्रारीपेक्षा फार वेगळी नाही.

कोसबाडच्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे, कारण आई मजुरीला गेलेली असे. आज आई कामावरून परतेपर्यंत मुलाला सांभाळते कोण? पुष्कळ घरांत मोबाईल. तो बहिणीच्या जागी आला आहे. म्हणून तो नुसता काढून घेतला तर जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा टिकत नाही.

वडगावने काय केले

या नजरेने वडगावकडे पाहिले तर भोंग्यामागची जोडणी दिसते. शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या लक्षात आले की मुलांचे लक्ष लागत नाही. गावातल्या बायकांनीही घरचे गाऱ्हाणे मांडले, आणि टीव्ही-मोबाईलची सवय आपल्यालाही लागली आहे हे मान्य केले. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे ठेवला, गावाने निर्णय घेतला. सुरुवातीला हे जमणार नाही असे म्हणणारेही होते. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. बोर्डीच्या अंगणात जन्मलेली ती सेविका इथे पुन्हा भेटते.

नियम सगळ्या घराला आहे, हा यातला महत्त्वाचा भाग. बापाने मालिका बघत मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणायचे, ही सोय राहिली नाही. आणि सगळ्या गावाला एकच वेळ असल्यामुळे ‘बाकीचे सगळे ऑनलाइन आहेत, मी एकटाच नाही’ ही मुलाची घालमेलही कमी होते. सोळा वर्षांच्या मुलाला मोबाईल सोडवत नाही याचे मोठे कारण मित्र त्यात असतात. एका घराने बंद केला तर मूल एकटे पडते. गावाने बंद केला तर मित्र समोर भेटतो. वडगावची तरफेची जागा ही आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्शी गावाने वेगळा मार्ग घेतला. अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी, असा ठराव झाला. काळजी तीच होती, पण इथे भार मुलावर पडतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला. त्यात दंड मुलाला किंवा पालकाला नाही, कंपनीला आहे. बोट थांबू नये अशा बेताने पडदा रचणारी कंपनी हेही मुलाभोवतीचे एक कडे आहे, आणि ते गावाच्या भोंग्याच्या टप्प्यात येत नाही, हे त्या कायद्याने ओळखले.

चेण्याला भोंगा कोण वाजवणार?

वडगावचा धडा उचलून दुसरीकडे ठेवायचा तर ती दुसरी जागा आधी नीट पाहायला हवी. मी राहतो त्या चेण्याचेच उदाहरण घेतो. कोसबाड आणि चेणे २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. घोडबंदर रस्त्याला लागून असलेले हे गाव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान, त्यातून येणारी चेणे नदी आणि वारली पाडे. दुसऱ्या अंगाला वाढत्या वसाहती आणि दिवसरात्र अवजड वाहनांचा रस्ता.

इथल्या मुलाच्या हातातल्या मोबाईलचे दुवे मोजायला बसले तर पहिला दुवा हा रस्ता निघतो. घोडबंदरची कोंडी झाली की कामावरून परतणाऱ्या आईबापांची सातची वेळ नऊवर जाते. रस्ता ओलांडून खेळायला जाणे धोक्याचे. रानाच्या कडेला अंधार पडला की बिबट्याची भीती, म्हणून पाड्यावरची मुले लवकर घरात. वसाहतीतल्या मुलाला अंगण नाही, पाड्यावरच्या मुलाला अंगण आहे पण संध्याकाळनंतर ते वापरता येत नाही. दोघांच्या हातात शेवटी तीच वस्तू येते. सात वाजता इथे भोंगा वाजवला तर निम्म्या घरांत तो ऐकायला मोठे माणूस नसेल.

शिवाय इथे ग्रामसभा नाही. महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण ग्रामसभेसारखी ती लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही. एकत्र बसून ‘आमच्या मुलांचे काय’ असे विचारण्याची जागाच नसेल तर प्रत्येक घर आपापल्या मुलाशी एकटे भांडत बसते.

योजना नाहीत असे नाही. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी आहे. दहा ते एकोणीस वयासाठी जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मनाचे आरोग्यही धरलेले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे कुणीही मन मोकळे करू शकतो. पण या तिन्हींची एकमेकांशी ओळख नाही, आणि शाळेची तिघांशी नाही. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणल्या तेव्हा काम चालले. आवार हा त्यातला महत्त्वाचा शब्द होता.

चेण्यासारख्या गावाचे आवार कसे असेल? महापालिकेच्या शाळेची खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवता येईल. तिथे एखादे निवृत्त शिक्षक, सेविका, कॉलेजातली चार मुले बसतील. पाड्यावरची आणि वसाहतीतली मुले एकत्र अभ्यास करतील, कॅरम खेळतील, आईबाप कोंडीतून सुटून येईपर्यंत तिथे थांबतील. मोबाईल दारातल्या पेटीत. हे स्वस्त आहे, पण सोपे नाही, कारण त्यासाठी शाळा, महिला व बालविकास, आरोग्य या खात्यांना आणि दोन्ही अंगांच्या लोकांना एका बाकावर बसावे लागेल.

ताराबाई आणि अनुताईंनी कोसबाडला आधी मुलांचा दिवस पाहिला, कोण कुठे असते आणि का ते नोंदले, मग शाळेची वेळ आणि जागा ठरवली. आपल्या मुलांच्या संध्याकाळचा असा तक्ता आपण अजून कुठेच मांडलेला नाही. सुरुवात तिथून करता येईल: संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात आपल्या वस्तीतले प्रत्येक मूल कुठे असते, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोण असते.