एकाकी सागरप्रवास : ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीतील नौकेवरचे जीवन

शिडाच्या नौकेतून, एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणे हे ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीचे स्वरूप आहे. भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांनी २९ एप्रिल २०२३ रोजी फ्रान्समधील ले साब्ल दोलोन बंदरात परत येऊन या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. ते २३६ दिवस समुद्रावर होते. शर्यतीत उतरलेल्या १६ जणांपैकी केवळ तिघांनी ही प्रदक्षिणा विनाथांबा पूर्ण केली.

मुंबई आणि गोव्याशी नाते

पहिली शर्यत १९६८-६९ मध्ये झाली. तीत सहभागी झालेल्या नऊ जणांपैकी ब्रिटनचे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे एकटेच प्रदक्षिणा पूर्ण करू शकले. त्यांची ३२ फूट लांबीची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधली गेली होती. २०१८ मध्ये शर्यतीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा टॉमी यांच्यासाठी ‘सुहैली’च्या धर्तीवर ‘थुरिया’ ही नौका गोव्यातील नौकाबांधणी व्यावसायिक रत्नाकर दांडेकर यांनी तयार केली. कमांडर दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’ नौकेतून २०१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, तीही दांडेकर यांनीच बांधली होती.

आधुनिक साधनांविना

शर्यतीच्या नियमांनुसार स्पर्धकाला १९६८ मधील साधनांवरच अवलंबून राहावे लागते. उपग्रहाद्वारे स्थान दाखवणारे यंत्र मोहोरबंद पेटीत ठेवलेले असते व ते केवळ आणीबाणीत उघडता येते. त्यामुळे सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून, अचूक घड्याळ आणि गणिती कोष्टकांच्या साहाय्याने नौकेचे स्थान ठरवावे लागते. आभाळ अनेक दिवस ढगाळ राहिले, तर वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

विजेवर चालणारे स्वयंचलित सुकाणूही वर्ज्य असते. त्याऐवजी वाऱ्याच्या जोरावर चालणारे पाते नौकेची दिशा राखते. हे पाते निकामी झाल्यास सुकाणू स्वतः धरून बसावे लागते आणि झोप व स्वयंपाक या दोन्हींसाठी वेळ मिळेनासा होतो.

दिनक्रम

झोप सलग मिळत नाही. वारा बदलला की रात्रीही उठून शिडे कमी-जास्त करावी लागतात. डबाबंद व वाळवलेले अन्न अनेक महिने पुरवून खावे लागते. पिण्याच्या पाण्याचा साठा मर्यादित असल्याने शिडांवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवले जाते. खारे पाणी आणि सततचा ओलावा यांमुळे त्वचेवर जखमा होतात. दोरखंड, शिडे आणि डोलकाठीचे ताण यांची तपासणी रोज करावी लागते, कारण दुरुस्तीला दुसरे कोणी नसते. २०२२-२३ च्या शर्यतीत टॉमी यांना दिशा राखणारी यंत्रणा नौकेवरच उपलब्ध असलेल्या साहित्यातून वारंवार दुरुस्त करावी लागली.

मदत आणि प्रतिस्पर्धी

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंद महासागरातील वादळात ‘थुरिया’ उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. हालचाल करणे अशक्य असताना त्यांनी संदेश पाठवून मदत मागितली. त्याच वादळात स्वतःच्या नौकेची डोलकाठी गमावलेले आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन त्यांच्या दिशेने निघाले. अखेर २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमी यांची सुटका केली. पुढे मणक्यांवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांनी पुन्हा शर्यतीची तयारी केली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची नौका हिंद महासागरात बुडाली, तेव्हा जीवरक्षक तराफ्यातून त्यांना वाचवले ते दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी. पुढे त्याच या शर्यतीच्या विजेत्या ठरल्या. किनाऱ्यापासून एवढ्या अंतरावर अनेकदा प्रतिस्पर्धीच सर्वांत जवळचा मदतनीस असतो. त्यामुळे बचावकार्यात गेलेला वेळ स्पर्धकाच्या एकूण वेळेतून वजा केला जातो.