धुराड्यांची निगा आणि विलायतेंतील मुलें

आपल्याकडील जुन्या कौलारू घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपली वाट आपणच शोधीत असे. इंग्लंडसारख्या थंड देशांत एवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. तेथें हिवाळाभर दारें-खिडक्या लावून घेऊन खोलींत विस्तव पेटता ठेवावा लागे. त्यामुळें धूर बाहेर नेणारें धुराडें हें घराचें मुख्य अंगच होऊन बसलें. त्याची निगा राखली तर घर उबदार राही. न राखली तर तेंच घराच्या नाशास कारण होई. परंतु ही निगा कोणाच्या जिवावर राखावयाची, ह्या प्रश्नाचा निकाल लागण्यास तेथील कायद्याला ८७ वर्षें लागलीं.

१६६६ सालच्या आगींत लंडनचा मोठा भाग भस्मसात झाला आणि पुढें नवीं घरें विटांचीं उभीं राहिलीं. जळणासाठीं दगडी कोळसा सर्रास वापरांत होता. कोळशाच्या विस्तवाला अरुंद नळी चांगली ओढ देते. म्हणून धुराड्यांच्या नळ्या १४ इंच लांब व ९ इंच रुंद, कित्येक ठिकाणीं तर अवघ्या ९ इंच चौरस अशा बांधीत. निरनिराळ्या खोल्यांच्या नळ्या छपरावर एकत्र आणावयाच्या असल्यामुळें त्यांना वळणेंही पुष्कळ पडत. अशा नळीच्या आंतून काजळीचे थरावर थर बसतात. थर वाढला म्हणजे दोन अनर्थ संभवतात. वाट कोंडून विषारी वायु खोलींत परत येतो, किंवा काजळीच पेट घेऊन आग छपराला भिडते. तेव्हां काजळी वेळच्या वेळीं खरवडून काढणें भागच होतें. पण नऊ इंचांच्या नळींत मोठा माणूस शिरणार कसा? म्हणून तींत लहान मूल चढविण्याचा प्रघात पडला.

हीं मुलें बहुधा अनाथ, नाहीं तर अत्यंत दरिद्री आईबापांचीं असत. उमेदवार म्हणून त्यांना उस्तादाच्या स्वाधीन करीत. मूल कोंपरें व गुडघे भिंतीस रेटून इंचाइंचानें वर सरके. आरंभीं कातडें सोलवटून निघे. तें निबर व्हावें म्हणून मुलाला धगधगीत विस्तवाजवळ उभें करून जखमांवर खारें पाणी चोळीत. ही हकीकत सरकारी चौकशींत सांगितलेली आहे. कित्येक मुलें वळणावर अडकून गुदमरून मेलीं. जीं वांचलीं त्यांच्याही मागें काजळी लागलेलीच होती. १७७५ सालीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांतील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनीं ह्या धंद्यांतील लोकांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचें मूळ काजळींत असल्याचें दाखविलें. एखाद्या विशिष्ट धंद्याशीं कर्करोगाचा संबंध वैद्यकांत प्रथम जोडला गेला तो येथें.

जोनास हॅनवे ह्या परोपकारी गृहस्थाच्या खटपटीनें १७८८ सालीं पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालील मूल उमेदवार ठेवूं नये, असें त्यानें ठरविलें. परंतु उस्तादांनीं परवाना घेतलाच पाहिजे, हें कलम उमरावांच्या सभेनें गाळून टाकलें, आणि कायद्याचे दांतच पडले. १८०३ सालीं जॉर्ज स्मार्ट ह्या कारागिरानें दोरींत ओंवलेल्या पोकळ काठ्या व टोकास ब्रश अशी युक्ति काढली. १८२८ सालीं जोसेफ ग्लास ह्यानें वेताच्या काठ्या जोडून ती अधिक सुधारली. म्हणजे मूल न चढवितां धुराडें झाडण्याचा उपाय हाताशीं होता. वाकड्या नळ्यांच्या वळणावर एक लहानशी झडप बसविली कीं काम होई. पण झडप बसविण्यास भिंत फोडावी लागे, गालिच्यावर काजळी सांडे आणि खर्च घरमालकावर पडे. मूल चढविणें त्यापेक्षां सोपें होतें.

१८३४ व १८४० सालीं आणखी कायदे झाले. दुसऱ्यानें तर २१ वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढविण्याची मनाईच केली. तरी प्रघात थांबला नाहीं. कारण हें काम बंद दाराआड चाले आणि त्यावर लक्ष ठेवण्याचें कर्तव्य कोणाच्याच माथीं नव्हतें. १८६४ सालीं लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्यांनीं शिक्षा वाढविल्या. त्यांचाही उपयोग थोडा झाला. अखेर १८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळील फुलबोर्न येथें वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यांत जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढलें, परंतु थोड्याच वेळांत तो मरण पावला. त्याच्या उस्तादास सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शाफ्ट्सबरींनीं हा प्रश्न पुनः पार्लमेंटपुढें आणला, आणि त्याच वर्षीं असा कायदा झाला कीं, धुराडीं झाडणाऱ्या प्रत्येकानें दरसाल पोलिसांकडून दाखला घ्यावा व कायद्याच्या अंमलाची जबाबदारी पोलिसांवर असावी. १७८८ सालीं गाळलेलें तत्त्व असें परत आलें, आणि मुलें धुराड्यांत चढण्याचीं थांबलीं. ब्रश तोच होता, धुराडींही तींच होतीं. फक्त पाहणारा कोणीतरी नेमला गेला.

पुढें डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या प्राणघातक धुक्यानंतर १९५६ सालीं हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला. कोळसा हळूहळू मागें पडला व घरोघर गॅस आला. परंतु नळी तुंबण्याचें भय गेलें नाहीं. गॅस अपुरा जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्या माणसास तो झोंपेंतच गांठतो. म्हणून १९९८ च्या नियमांनीं भाड्याच्या घरांतील गॅसचीं उपकरणें व त्यांच्या नळ्या दर बारा महिन्यांनीं नोंदलेल्या कारागिराकडून तपासून घेण्याचें बंधन घरमालकांवर घातलें आहे. आपल्याकडे न्हाणीघरांत गॅसवर पाणी तापविण्याचें यंत्र बसविणाऱ्यांसही हाच धोका आहे. यंत्राचा धूर बाहेर नेणारी नळी मोकळी आहे कीं नाहीं, आणि खोलींत वारा खेळतो कीं नाहीं, हें थंडी पडण्यापूर्वींच जाणत्या माणसाकडून दरसाल पाहून घेतलें पाहिजे.