अडीच तासांचा पुरावा

खानदेशात यात्रेतल्या दंगलीची शेवटची कुस्ती सुटते, विजेत्याच्या डोक्यावर फेटा चढतो आणि मैदानाच्या कडेला जुन्या पैलवानांच्या गप्पा रंगतात. त्या गप्पांत एक नाव येतेच : गामा. त्याची पाठ कधी मातीला लागली नाही, त्याने पाच हजार कुस्त्या मारल्या, बडोद्यात बाराशे किलोंचा दगड उचलला आणि पोलंडच्या झिबिस्कोला पापणी लवायच्या आत चीत केले, असे सांगणारा अगदी मनापासून सांगतो.

या चार विधानांतले कोणते टिकते? असा प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेवर घाव घालणे नव्हे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. प्रत्येक कागद कोणाचा, कधीचा, लिहिणाऱ्याला काय ठाऊक होते आणि त्यात त्याचा काय स्वार्थ होता, हे विचारण्याची सवय त्या परंपरेने आपल्याला लावली आहे. तीच कसोटी गामाला लावून पाहू.

सुरुवात जन्मापासून करावी, तर तिथेच पहिली अडचण येते. अमृतसर परिसरात जन्मलेल्या गुलाम मोहम्मद ऊर्फ गामाचे जन्मवर्ष बहुतेक ठिकाणी १८७८ दिले जाते, पण १८८० आणि १८८२ ही वर्षेही आढळतात. हा फरक किरकोळ नाही. १८८८ मध्ये जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत दहा वर्षांच्या गामाने भल्याभल्यांना थकवले, ही कथा १८७८ धरले तरच जुळते. १८८२ खरे असेल तर तो तेव्हा सहा वर्षांचा होतो. म्हणून जोधपूरची कथा ‘शक्य’ या खणात ठेवू, ‘निश्चित’ या खणात नाही.

दुसरा पुरावा दगडाचा आहे. तो बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला, त्याची उंची अडीच फूट आणि वजन १,२०० किलो, अशी त्याची प्रसिद्ध माहिती. थोडे गणित करू. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही तेवढ्याच असलेल्या ठोकळ्याचे घनफळ सुमारे ०.४४ घनमीटर भरते. घनमीटरला २,७०० किलो हा कठीण दगडाचा सर्वसाधारण हिशेब लावला, तर वजन १,१९० किलोंच्या आसपास येते. तेव्हा एवढ्या उंचीच्या दगडाचे बाराशे किलो वजन अशक्य नाही, मात्र त्यासाठी तो सर्व बाजूंनी तितकाच भरीव हवा. उचलण्याचे मात्र तसे नाही. आजच्या जगातले सर्वांत बलाढ्य पुरुष लोखंडी दांडा दोन्ही हातांत नीट धरून जमिनीवरून जे वजन उचलतात, ते पाचशे किलोंच्या थोडेसेच पुढे गेले आहे.

आणखी एक खूण पाहा. १९०२ च्या हिंदुस्थानात रोजची वजने मण-शेरांत होत. किलोग्रॅम आपल्या बाजारात आला तो १९५६ च्या कायद्यानंतर. म्हणून ‘१,२०० किलो’ हा आकडा या रूपात तरी त्या दिवसाचा नाही. तो जुन्या मापाचे रूपांतर असेल किंवा नंतरचा अंदाज असेल. माझा तर्क असा की ‘उचलला’ या क्रियापदात एक कड वर करणे, छातीशी ओढणे किंवा जागचा हलवणे यांपैकी काहीतरी दडले असावे. त्या दिवशी बडोद्यात एका तरुण पैलवानाने लोकांना थक्क केले, एवढे मानायला हरकत नाही. त्यापलीकडचे वजन दगड पेलतो, पुरावा पेलत नाही.

तिसरा पुरावा लंडनचा आणि तोच सर्वांत कसदार. १९१० मध्ये बंगालचे धनिक शरत्कुमार मित्र यांच्या पैशावर गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि इतर पैलवान इंग्लंडला गेले. उंची कमी म्हणून गामाला स्पर्धेत प्रवेश नाकारला, असे नेहमी सांगितले जाते. पण वर्णनांत गामाची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास आणि झिबिस्कोची पाच फूट आठ इंच आढळते. इंचाच्या फरकाने एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद, हे पटत नाही. कारण दुसरेच काही असावे.

८ ऑगस्ट १९१० रोजी गामाची पहिली मोठी लढत अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरशी झाली. ‘पंधरा मिनिटांत तेरा वेळा आपटला’ ही आपल्याकडची आवृत्ती. नोंद अशी, की गामाने रोलरला दोनदा चीत केले : पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत, दुसऱ्यांदा ९ मिनिटे १० सेकंदांत. दोन्ही वेळा मिळून अकरा मिनिटेही होत नाहीत. तेरा हा आकडा खाली घेतल्याच्या वेळांचा असू शकेल, चीत केल्याचा नव्हे. ५ सप्टेंबरला इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरवले. हाच इमामबक्ष १९१२ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या खासबाग मैदानातल्या पहिल्या मोठ्या कुस्तीत गुलाम मोहिउद्दीनविरुद्ध जिंकला.

मग उजाडला १० सप्टेंबर १९१०, शनिवार. समोर स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामाचे वजन सुमारे २०० पौंड, त्याचे अडीचशेच्या वर. पणाला अडीचशे पौंड रक्कम आणि ‘जॉन बुल’ पट्टा. पहिल्या मिनिटाच्या आसपास गामाने त्याला खाली घेतले आणि मग झिबिस्को पोटावर, हातापायांचा आधार घेऊन, गादीला चिकटून राहिला. खांदे गादीला लागले तरच हार, म्हणून हा बचाव नियमात बसत होता. जवळपास दोन तास पस्तीस मिनिटे हेच चालले. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला ती पुन्हा व्हायची होती, पण झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

लंडनच्या वृत्तपत्रांनी झिबिस्कोच्या पवित्र्यावर कडक टीका केली. या साक्षीला वजन आहे. साम्राज्याच्या राजधानीतल्या बातमीदाराला पंजाबच्या पैलवानाची तारीफ करण्याचे काही कारण नव्हते. त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेत रेनो इथे कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनने जेम्स जेफ्रीजला हरवून मुष्टियुद्धातले हेवीवेट जगज्जेतेपद राखले होते आणि त्या लढतीच्या चित्रफितीवरही ठिकठिकाणी बंदी आली होती. अशा काळात स्वतःच्या पूर्वग्रहाविरुद्ध दिलेली साक्ष अधिक विश्वासाची.

तरीही एक शंका उरते. अडीच तास वरून जोर लावूनही गामाला त्याला उलथवता आले नाही, हेही त्याच नोंदीत आहे. मातीवर घडलेल्या पैलवानाला गादीवरचा, पन्नास पौंडांनी जड, पालथा पडलेला प्रतिस्पर्धी चीत करता आला नाही, असे कोणी म्हणाले तर ते खोडता येत नाही. याचा निकाल लावायला पुढचा कागद हवा आणि त्यासाठी सतरा वर्षे थांबावे लागते.

जानेवारी १९२८, पतियाळा. महाराजांच्या पुढाकाराने तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. वेळेबद्दल एकमत नाही : कुणी ३० सेकंद सांगतो, कुणी ४२, कुणी ४९. पण कुस्ती मिनिटाच्या आत संपली आणि गामा जिंकला, यावर मतभेद नाही. आकडे हलतात, निष्कर्ष हलत नाही. झिबिस्को तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, हा आक्षेप रास्त आहे. पण १९२५ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी त्याने अमेरिकेत ठरलेला निकाल झुगारून वेन मनला खरोखर हरवले होते. तेव्हा त्याला निकामी म्हाताराही म्हणता येणार नाही. शिवाय गामाही पन्नाशीच्या जवळच होता. यजमानाची माती गामाच्या बाजूने होती, जशी लंडनची गादी झिबिस्कोच्या.

आता ‘अजिंक्य’ हा शब्द. गामा कुस्ती हरल्याची विश्वासार्ह नोंद नाही. पण गुजरांवालाच्या रहीमबक्ष सुलतानीवालाशी त्याच्या कुस्त्या आधी बरोबरीत सुटल्या होत्या. लंडनहून परतल्यावर अलाहाबादेत मात्र गामाची सरशी झाली. म्हणजे ‘हरला नाही’ हे टिकते, ‘प्रत्येक वेळी जिंकला’ हे नाही. पाच हजार कुस्त्यांचे म्हणाल, तर पन्नास वर्षांत तेवढ्या व्हायला दर तीन-चार दिवसांनी एक मोठी कुस्ती हवी. एकेका जोडीसाठी महिनोन्‌महिने मेहनत घेण्याच्या त्या काळात हे बसत नाही. आणि फ्रँक गॉच किंवा जॉर्ज हॅकेनश्मिट या तेव्हाच्या दोन थोर मल्लांशी गामाची गाठ कधी पडलीच नाही. त्यामुळे ‘त्या काळी जगात पहिला’ हे म्हणणे इच्छा म्हणून ठीक, सिद्धान्त म्हणून नाही.

आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव-बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी जिंकली. तिन्ही लढतींचे गुण लिहिलेले आहेत, चित्रीकरण आहे. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तो डोळ्यांनी पाहील. गामाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे बातम्या, आठवणी आणि एक दगड.

तरीही कागद बाजूला सारताना माझा कौल गामाच्या बाजूने पडतो, पण दगडामुळे नाही आणि पाच हजारांमुळेही नाही. माझा साक्षीदार झिबिस्को आहे. हाच मल्ल पुढे १९२१ मध्ये एड लुईसला हरवून जागतिक विजेता ठरला. तो भेकड नव्हता आणि कच्चाही नव्हता. १० सप्टेंबर १९१० रोजी, हजारो डोळ्यांसमोर, स्वतःची अब्रू पणाला लावून, तो अडीच तास पालथा पडून राहिला. उठून उभे राहिल्यास काय होईल, हे त्याने पहिल्याच मिनिटात अनुभवले होते. प्रतिस्पर्ध्याने शरीराने दिलेली ही कबुली आहे. गामाच्या कीर्तीची इमारत ज्या खांबावर उभी राहू शकते तो हाच आणि गंमत अशी की दंगलीतल्या गप्पांत या बरोबरीच्या कुस्तीचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.