मजुराला आमदार-खासदार होता येतं का? कायदा काय म्हणतो, खर्च किती येतो

लोकसभा असो की विधानसभा, उमेदवाराला शिक्षणाची अट नाही, जमिनीची नाही, उत्पन्नाचीही नाही. वय २५ पूर्ण पाहिजे आणि मतदार यादीत नाव पाहिजे. म्हणजे कागदावर ऊसतोड मजूर आणि कारखान्याचा चेअरमन एकाच रांगेत आहेत.

इंग्रजांच्या काळात असं नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण बघून मताचा हक्क मिळायचा. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ पैकी ७ जागा कामगारांसाठी वेगळ्या ठेवल्या. व्यापार-उद्योगवाल्यांनाही ७ च! मालक मूठभर, कामगार लाखो, जागा मात्र सारख्या. त्यातही या जागा गिरणी-रेल्वेसारख्या संघटित कामगारांच्या. आपल्याकडचा शेतमजूर त्यात धरलेलाच नव्हता.

दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांच्या वतीने ना. म. जोशी होते. आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. तरी १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता.

स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मत मिळालं आणि कामगारांच्या वेगळ्या जागा गेल्या. अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत, पण मजूर म्हणून कुणाला नाही. गिरणी कामगारांच्या जोरावर मुंबईतून १९५७ ला कॉम्रेड डांगे आणि १९८४ ला दत्ता सामंत लोकसभेत गेले. मात्र सामंत डॉक्टर होते आणि डांगे पूर्णवेळ पुढारी. कामगारांसाठी भांडणारी माणसं मिळाली, पण स्वतः राबणारा माणूस क्वचितच पोचला. बिहारमध्ये खडी फोडणाऱ्या भगवतीदेवी १९९६ ला गयेतून खासदार झाल्या. आपल्याकडे डहाणूचे विनोद निकोले पूर्वी वडापाव विकायचे, ते २०१९ आणि २०२४ ला आमदार झाले. दोन्ही जागा राखीव, हेही लक्षात घ्यावं.

आता खर्चाचं बघू, खरी अडचण तिथंच आहे. विधानसभेचं डिपॉझिट १० हजार, लोकसभेचं २५ हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मं. २०२५-२६ चा रोहयोचा दर ३१२ रुपये रोज. म्हणजे नुसत्या विधानसभेच्या डिपॉझिटला ३२-३३ दिवसांची मजुरी, तीही घरात काही न खाता. पडलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नसतील तर डिपॉझिट जप्त. अपक्षाला शिवाय १० सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. ती पाळली जाते का, हे गावातलं पोरगंही सांगेल. मजुराला त्या मर्यादेचा उपयोग नाही, तो तिथपर्यंत जातच नाही.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा हक्क कायद्याने रोजंदारीवाल्यालाही आहे. प्रचारात बुडालेले रोज मात्र ज्याचे त्याने सोसायचे.